अंगठा वर

महानंदा त्या दिवशी बेंगळुरूतल्या कोरमंगलाला गेली ती फक्त भावाचा, नागराजचा, सरावाचा मास्क आणि पायातले फिन्स परत आणायला. नागराज लक्षद्वीपच्या एका बेटाजवळ, प्रवाळाच्या खडकांवर, मित्राबरोबर पाण्याखाली उतरला आणि वर आलाच नाही. देहही सापडला नाही. निपाणीला आई अजून दाराला आतून कडी लावू देत नव्हती. "शेवटी त्याला त्रास झाला का गं, एवढं तरी विचार," असं ती फोनवर रोज म्हणायची. महानंदाकडे उत्तर एकच होतं, आणि तेही गिरीराजने दिलेलं.

हा गिरीराज म्हणजे तोच, नागराजबरोबर पाण्यात उतरलेला मित्र. एकाच ऑफिसातले दोघे. बेंगळुरूतल्या जुन्या मराठी घरातला मुलगा, बोलायला गोड. जरा जास्तच गोड, असं महानंदाला पहिल्यापासून वाटायचं. पण घरातलं माणूस गेलेलं असताना कोण कुणाच्या बोलण्याची परीक्षा घेत बसतो?

तिथल्या स्विमिंग पूलच्या काठावर पवित्रा नव्या मुलांना पाण्याखाली उतरायला शिकवत होती. नागराजलाही तिनेच शिकवलेलं.

"पाण्यात तोंड बंद, म्हणून हातांनी बोलायचं," ती कानडीत सांगत होती. "अंगठा वर केला म्हणजे 'मस्त चाललंय' नव्हे हं! अंगठा म्हणजे 'मला वर न्या'. जोडीदाराने अंगठा दाखवला की बाकी सगळं सोडून त्याच्याबरोबर निघायचं. आणि वर येतानाही घाई करायची नाही. पाण्याबाहेर पडायच्या थोडं आधी तीन मिनिटं थांबायचं. शांत श्वास घ्यायचा. मग बाहेर."

महानंदाच्या हातातली पिशवी खाली पडली. गिरीराजने तिला सांगितलं होतं, 'अक्का, मी शेवटचं पाहिलं तेव्हा तो अंगठा दाखवत होता. मजेत होता.'

पोरं पाण्यात उतरल्यावर तिने पवित्राला बाजूला घेतलं. "गिरीराज तुला काय म्हणाला होता गं?"

"म्हणाला, नागराजने काही खूण केलीच नाही. वळून बघतो तर तो जागेवर नव्हता."

म्हणजे घरच्यांना एक आणि पाण्यातल्या माणसांना दुसरंच! महानंदाच्या मनात पाल चुकचुकली. तिने रिक्षा केली आणि तडक बेळ्ळंदूर गाठलं.

गिरीराजचा फ्लॅट एका उंच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर होता. दार उघडताच वास आला. खारट, ओल्या दोरखंडाचा. या गावात समुद्र कुठला आलाय? भर दुपारी पडदे ओढलेले होते. खोलीत उजेड होता तो भिंतीजवळच्या मोठ्या काचेच्या टाकीचा. टाकीत प्रवाळ होतं, रंगीत मासे होते. पण सगळे मासे एका कोपऱ्यात दाटीवाटीने उभे होते. दुसऱ्या कोपऱ्यातून बुडबुडे वर येत होते. आले, थांबले. पुन्हा आले, थांबले.

गिरीराज पार वाळला होता. "या अक्का. कॉफी?"

"कॉफी राहू दे. त्या दिवशीचं परत एकदा सांग की. पहिल्यापासून."

त्याने पाठ केल्यासारखं सुरू केलं. "सरी, सांगतो. पाणी स्वच्छ होतं, लांबपर्यंत दिसत होतं. ओढ होती, पण स्वल्पच. पोपटमासे प्रवाळ कुरतडत होते, त्याचा कुरकुर आवाज येत होता. एका कपारीत वाम मासळी तोंड उघडून बसली होती. नागराज माझ्या मागे होता. मी वळलो, तर त्याने…"

महानंदाने त्याच्या डोळ्यांसमोर आपला अंगठा वर धरला. "हे केलं ना? याचा अर्थ पाण्यात काय होतो रे?"

त्याची नजर टाकीकडे गेली. बुडबुड्यांचा आवाज येतच होता.

"…वर न्या," तो शेवटी म्हणाला.

"मग?"

"समोर कासव होतं, अक्का. एवढं मोठं. मी व्हिडिओ घेत होतो… मी त्याला बोट दाखवलं. म्हटलं, एक मिनिट. एकच मिनिट…"

"कासवासाठी? मेल्या, माझा भाऊ गुदमरत होता आणि तू कासव बघत होतास!" ती ओरडली. "आणि आधी तो पंप बंद कर. डोकं उठलंय माझं!"

"पंप बंदच आहे…" गिरीराज कुजबुजला. त्याने बोट केलं तिथे वायर जमिनीवर पडली होती, पिन भिंतीतून काढलेली. "रोज येतो तो. तिथे, कोपऱ्यात. अंगठा दाखवतो. आता मी त्याला कसा नेऊ वर… सांगा ना…"

महानंदा टाकीकडे वळली. तिला टाकीत कुणीच दिसत नव्हतं. पळून जावं असं वाटलं, खोटं कशाला सांगायचं? पण भाऊच तो. तिने बाही वर केली आणि हात कोपरापर्यंत पाण्यात घातला.

"चल राजा," ती म्हणाली. "घरी जाऊ."

तिची करंगळी कुणीतरी धरली. निपाणीच्या बाजारात लहानगा नागराज धरायचा तशीच, गच्च. बुडबुडे थांबले.

गिरीराजकडे न बघता ती बाहेर पडली. लिफ्टमध्ये शिरून तिने तळमजल्याचं बटण दाबलं. लिफ्ट वर निघाली. अगदी सावकाश. शेवटच्या मजल्याच्या थोडं खाली ती अडकली. दार उघडेना. त्या बंद डब्यात कुणीतरी श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. करंगळीवरून पाणी ठिबकत होतं आणि ठिबकणं थांबत नव्हतं. महानंदाला किंचाळावंसं वाटलं, आणि मग पवित्राचे शब्द आठवले.

"घाई नाही रे," ती रडत रडत म्हणाली. "थांबू आपण. हवं तेवढं थांबू."

तीन मिनिटं गेल्यावर लिफ्ट हलली. शेवटच्या मजल्यावर दार उघडलं, गच्चीकडून वारा आत आला आणि करंगळी सुटली. महानंदा बाहेर आली. आज आईला काय सांगायचं, ते तिला ठाऊक होतं. आलाय वर तो, आई.

मागे लिफ्टचं दार बंद झालं. कुणी बोलावली नव्हती, तरी लिफ्ट खाली निघाली. दारावरचे लाल आकडे भराभर उतरत गेले आणि दोनवर, गिरीराजच्या मजल्यावर, थांबले.

थोड्या वेळाने तिच्या फोनवर गिरीराजचा मेसेज आला. त्यात अक्षर एकही नव्हतं. नुसता अंगठा होता, वर केलेला.

महानंदा त्या अंगठ्याकडे बघत राहिली. मग तिने ओलं बोट वर केलं.

"एक मिनिट," ती म्हणाली, आणि फोन पर्समध्ये ठेवला.