उशाशी बसलेली

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात मी जामखेडच्या बाजारात बटाटे शोधत हिंडत होते. भाजीसाठी नव्हे, भाचीच्या डोळ्यांसाठी. नीलांबरीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. साय लावून झाली, बदाम उगाळून झाला. दुष्काळात काकडी मिळायची कुठली? बटाट्याच्या चकत्या तेवढ्या राहिल्या होत्या.

तिची आई लवकर गेली, पाठोपाठ माझा भाऊही, म्हणून ती माझ्याकडेच वाढली. मी शाळेत शिकवणारी, एकटी. लग्नाच्या भानगडीत पडले नाही. तिचं मात्र व्हावं असं फार वाटायचं. एका स्थळाने 'मुलगी आजारी दिसते' म्हणून नकार दिला होता, आणि आता राहात्याचे लोक रविवारी पाहायला येणार होते.

"चोरून वाचत बसतेस ना रात्री?" मी तिच्यावर डाफरायची.

"नाही गं आत्या, पडल्या पडल्या झोपते." आणि खरंच झोपायची. या भाड्याच्या खोलीत आल्यापासून तर जरा जास्तच.

बटाटे घेऊन आले तेव्हा टळटळीत दुपार होती. खिडकी लावलेली, आत अंधार, आणि ओल्या फडक्याचा वास. प्यायला पाणी नव्हतं, फडकी कोण भिजवतंय? नीलांबरी सतरंजीवर कुशीवर झोपली होती. श्वास संथ चालला होता. डोळे मात्र सताड उघडे होते, आणि तिचा हात शेजारची रिकामी फरशी हळूहळू थोपटत होता...

"नीलू..."

ती जागी झाली नाही. फक्त डोळे माझ्याकडे वळले. ते तिचे नव्हते. कुणा फार दमलेल्या बाईचे होते.

मी तडक घरमालकीण केशरबाईंना गाठलं. त्या अंगणात ज्वारी पाखडत होत्या. "आमच्याआधी त्या खोलीत कोण राहायचं?"

त्यांचं सूप थांबलं. "सुमंत कारकून आन् त्याची बायकू. पोराला लई ताप हुता, बाई. ती उशाशी बसली ती बसलीच. पोर गेलं तरी उठंना. 'झोपलाय' म्हनायची... तशीच बसल्या बसल्या गेली."

"मला आधी नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर खोली घेतली असती व्हय?"

दिवेलागणीला नीलूला पुन्हा डुलकी लागली आणि हात फरशी थोपटू लागला. मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू? पण ते डोळे पाहून जीव कळवळला. किती दिवसांची जागी असेल ही! आजाऱ्याच्या घरी गेलं की आपण बायका जे म्हणतो, तेच माझ्या तोंडून गेलं.

"दमलीस गं. पड जरा. मी बसते."

हात थांबला. नीलूचे डोळे मिटले. कोपऱ्यात बांगड्या किणकिणल्या आणि कुणीतरी अंग टाकल्यासारखा लांब उसासा ऐकू आला.

सकाळी वर्तुळं निम्मी उतरली होती. मी हरखून केशरबाईंना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला.

"बसते म्हनालात?... मग आता तुमाला कोन उठवनार, बाई?"

रविवारी नीलू अशी टवटवीत दिसली की राहात्याच्या लोकांनी चहा संपायच्या आत होकार दिला. लग्न झालं, ती सुखात आहे. मी दुसरीकडे खोली घेतली.

तरीही माझा डोळा लागला की कुणीतरी करंगळी मुठीत धरतं. इवलीशी मूठ, चटका बसावा इतकी तापलेली. सोडवायला गेलं की आणखी घट्ट धरते. काल मात्र ती जराशी निवल्यासारखी लागली. ताप उतरला म्हणून मला आनंदाने रडू आलं, वेडीसारखं. मग ती गार होत गेली... पहाटेपर्यंत अगदी थंडगार...

आणि आता मी तुमच्याशी बोलते आहे, तरी तिने बोट सोडलेलं नाही.