एक्केचाळीस नंबरचा मोहा

डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन येताना सत्यशीलेने लांबूनच पाहिलं. खाकी कपड्यातला एक पोरगा तिच्या आईच्या मोहावर पांढऱ्या रंगाने काहीतरी लिहीत होता. पाटीवर पहिल्यांदा अक्षर गिरवावं तसा, जीभ जरा बाहेर काढून...

"ओ भाऊ! ते झाड माह्या मायचं हाय!"

पोरगा दचकला. चारपुढचा एक वाकडा झाला.

"सरकारी जंगलात तुमच्या मायचं झाड कुठून आलं?"

"जंगल असन सरकारचं. हा मोहा माह्या आजीनं मायले देल्ला, अन् माय मले देनार हाय. याचं नाव तरी ठाऊक हाय का तुमाले?"

"झाडाले नाव?"

"मिठवा. याचं फूल सगळ्यात गोड. तो पल्याडचा सोमाजीबुवाचा, त्याले लंगडा म्हनते."

"आता हा एक्केचाळीस नंबर," असं म्हणून तो हसला. हसायला नको होतं. गालाला खळी पडली, आणि सत्यशीलेला राग काही नीट धरता येईना.

नाव अश्वजित, गाव बल्लारपूर, वनरक्षक म्हणून लागून जेमतेम दोन महिने. वरून हुकूम आला होता. वणवा पलीकडे जाऊ नये म्हणून जंगलातून जी मोकळी पट्टी ठेवतात, ती जाळरेषा सावरटोल्याजवळ रुंद करायची होती. त्यासाठी एकशेबारा झाडं तोडायची, आणि त्यातली निम्मी मोहाची.

"मागच्या उन्हाळ्यात तीन दिवस जंगल जळलं," तो म्हणाला. "आग कुठून लागली, सांगू?"

सत्यशीलेने डोक्यावरची मोळी खाली टाकली. सांगायची गरजच नव्हती. फुलं गळायच्या आधी मोहाखालचा पालापाचोळा जाळून जागा साफ करायची, ही गावाची जुनी खोड. कधी ती आग हातची सुटायची.

"चूक आमची हाय," ती म्हणाली. "पन शिक्षा झाडाले काऊन?"

अश्वजितने हे रेंजर साहेबांच्या कानावर घातलं.

चार दिवसांनी विहारात बैठक बसली. रेंजर साहेब आले, गावच्या बायाही झाडून आल्या. सत्यशीला बारावी शिकलेली, बोलायला तीच पुढे. "यंदा पाला जाळनार नाई, खराट्यानं झाडून काढू. मंग तर तोडू नका!"

साहेब वाईट नव्हते, कंटाळलेले होते. "मोहफूल संपेपर्यंत थांबतो. तोवर वणवा लागला नाही, तर वर लिहून पाहीन. लागला, तर माझ्याकडे येऊ नका."

मग काय विचारता! रोज सकाळी वीस-पंचवीस खराटे जंगलात. झाडाखाली झाडायचं, जाळरेषेच्या कडेने दहा हात पट्टा साफ करायचा, आणि फुलांसाठी जुनी लुगडी अंथरायची. गस्तीच्या नावाखाली अश्वजितही तिथेच. पहिल्या दिवशी नुसता उभा होता. दुसऱ्या दिवशी सत्यशीलेने त्याच्या हातात खराटा दिला.

"सरकारी मानसाले झाडता येते का, पाहू."

"शिकवलं तर येते."

"खराटा धरायले शिकवा लागते? बाप्पा! कोनं देल्ली तुमाले नौकरी?"

तळहाताला फोड आला तरी तो झाडत राहिला. सत्यशीलेला फोड दिसला. दुसऱ्या दिवशी खराट्याच्या मुठीला चिंधी गुंडाळलेली होती. कुणी गुंडाळली, हे त्याने विचारलं नाही... पण दिवसभर तो त्या चिंधीकडे बघून खुळ्यासारखा हसत होता.

मार्चात मोहा गळू लागला. पहाटेचं जंगल त्या गोड, जडसर वासाने भरून जायचं. अशाच एका सकाळी सत्यशीलेला यायला उशीर झाला. पाहते तर अश्वजित तिच्या मिठव्याखाली वाकून फुलं वेचतोय, आणि तिची टोपली अर्धी भरलेली! चांगलं काम केल्याच्या आनंदात त्याने वर पाहिलं, आणि आजूबाजूच्या साऱ्या बाया पदर तोंडाशी धरून हसत सुटल्या.

"काऊन हसून राह्यले?" त्याने विचारलं.

"जवाई आला वं, मीराबाई!" कुणीतरी ओरडलं. "तुह्या पोरीच्या झाडाखाली जवाई आला!"

सत्यशीलेची आई मीराबाई हसू दाबत दुसरीकडे पाहू लागली. सावरटोल्यात पोरीच्या वाट्याच्या झाडाखालचं फूल घरच्या माणसाशिवाय कुणी उचलत नसे. बाहेरच्याने उचललं, तर तो मागणी घालायला आला असंच समजायचं. सत्यशीलेने कानापर्यंत लाल होत हे त्याला सांगितलं, तशी त्याच्या ओंजळीतली फुलं खाली सांडली.

"मले... मले माहीत नव्हतं जी."

"म्हनूनच माफ हाय," ती म्हणाली. पण टोपलीतली फुलं तिने काही ओतून दिली नाहीत.

मोह संपायला अजून तीन आठवडे होते, आणि धूर दिसला. लंगड्याच्या पलीकडे, न झाडलेल्या पाल्यात सोमाजीबुवाने सवयीने बिडी टाकली होती. सगळ्या बाया धावल्या. ओल्या फांद्यांनी झोडपून अर्ध्या तासात आग विझवली. जळाली ती कोपऱ्यातली जेमतेम दोन गुंठे जागा.

अश्वजितच्या तोंडावर काजळी होती. त्याने खिशातून नोंदवही काढली आणि पुन्हा ठेवून दिली.

"हापिसातलं कोनी पाह्यलं नाई," तो हळूच म्हणाला. "मी लिवतच नाई. झाडं वाचतीन."

सत्यशीलेचा जीव त्या एकशेबारा झाडांत होता. हो म्हणायला काय लागत होतं! तरी ती म्हणाली, "नाई. लिवा. आज खोटं लिवलं, तर उद्या आमचं खरं कोन मानन? अन् माह्यासाठी तुमी खोटं बोलावं... हे मले नाई आवडनार."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग लिहायला बसला. वर ती म्हणाली, "पन सगळं लिवा. आग कुठी थांबली, तेही."

तेव्हा कुठे त्याचं लक्ष गेलं. आग झाडलेल्या पट्ट्यापर्यंत आली होती, आणि तिथेच मेली होती. त्या बाजूला बाया पोचायच्या आधीच. पलीकडचं एक पानही जळालं नव्हतं.

दोन दिवसांनी रेंजर साहेब त्या काळ्या रेघेच्या कडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. मग म्हणाले, "झाडं न तोडता जाळरेषा झालीच की." त्यांनी वर लिहिलं. पंधरवड्याने उत्तर आलं: वाळलेली नऊ झाडं तोडा, बाकीची तोड रद्द, पट्टा दरसाल गावाने झाडावा.

नंबर खरवडायला अश्वजित आला तेव्हा मोह जवळजवळ सरला होता. मिठव्याखाली शेवटची चार-दोन फुलं पडली होती. सत्यशीला टोपली घेऊन उभी होती.

"एक्केचाळीस राहू द्या," ती म्हणाली. "तो वाकडा एक मले आवडते."

त्याने कोयता खाली ठेवला. मग वाकला, एकेक करून ती फुलं वेचली आणि तिच्या टोपलीत ठेवली.

"अवो... याचा अर्थ माहीत हाय ना आता?"

"हाय," अश्वजित म्हणाला. "म्हनूनच उचलले."

सत्यशीलेने टोपली त्याच्या हातात दिली. "मंग घरी तुमीच घेऊन चला. माय वाट पाहून राह्यली... महिन्यापासून."