झाडावरची गोधडी

चिखलदऱ्यात आता बहुतेक अंगणांत एक मेपल असतो आणि घरात एक झोपलेलं माणूस. शशिकला गावंडेंचा मेपल ठेंगणा, दीड पुरुष उंचीचा. चार वर्षं त्यांनी तो जपला. उतरत्या उन्हाला आडोसा केला, मुळांवर पाल्याचं आच्छादन घातलं, पण पाला खोडाला टेकू दिला नाही, खोड कुजतं. इतका जीव लावायचं कारण एकच. आतल्या थंड खोलीत त्यांचे यजमान देविदास निजले होते, आणि त्यांची जाग या झाडात होती.

या निजेला शिशिरझोप म्हणतात. ज्या दुखण्यावर आज औषध नाही, त्या माणसाला औषध निघेपर्यंत गारठ्यात निजवून ठेवायचं. उठवायचं मात्र झाडाने. रोग्याच्या पेशींचा अंश मेपलच्या रोपात रुजवतात. हिवाळा सरला की त्याच्या खोडातून जो रस चढतो, तो जागरस. तो बारीक नळीने माणसाच्या अंगात गेला की माणूस जागा होतो. आजवर त्या नळीची तोटी बंद होती. यंदा देविदासरावांच्या दुखण्यावर औषध निघालं, रस चढला, आणि शशिकलाबाईंनी आपल्या हाताने तोटी उघडली.

आठवड्याने डॉ. मैथिली वानखडे तपासायला आल्या आणि अंगणातच थबकल्या. झाडाच्या पलीकडच्या फांद्यांना लालसर पालवी फुटली होती. घराकडच्या फांद्या कोरड्याच.

"काकू, हिवाळ्यात या बाजूला काही केलं होतं?"

"पौषात लई गारठा होता. गोधडी टाकली त्याच्यावर. खाली शेगडी ठेवत होते."

"झाडावर गोधडी?"

"मंग काय तुमचा कोट टाकू? त्याहीचीच गोधडी आहे. आत त्याहीले पांघरू देत नाही तुम्ही. म्हटलं, इथं तरी."

डॉक्टर ओट्यावर बसल्या. "लपाछपीत राज्य आलेलं पोर काय करतं, काकू? शंभर मोजल्याशिवाय डोळे उघडत नाही. मेपल तसाच थंडीचे तास मोजतो. आणि प्रत्येक फांदी आपापलं मोजते. तुम्ही ज्यांना ऊब दिली, त्यांची मोजणी अर्धवट राहिली. त्या अजून निजल्या आहेत."

"म्हणजे?"

"रस अर्धाच जागा आहे. काकाही अर्धेच जागे होतील. कोणतं अर्धं, ते मला सांगता येत नाही. चालता येईल, पण तुम्हाला ओळखणार नाहीत. किंवा उलट. तोटी आज बंद केली तर पुन्हा गाढ झोप लागेल, पुढच्या फाल्गुनापर्यंत. उद्या उशीर होईल."

"पुढच्या साली उठतीन ना पण?"

"झाड जगलं तर. असं अर्धं पालवलेलं झाड उन्हाळा काढेल की नाही, ठाऊक नाही मला."

शशिकलाबाईंना एकाहत्तरावं लागलं होतं. त्या उठल्या. दोरीवर वाळत घातलेली गोधडी सवयीने खांद्यावर घेतली आणि थंड खोलीत शिरल्या.

तोटीला हात लावला, तोच देविदासरावांचा उजवा डोळा उघडला. डावा मिटलेलाच होता.

"शशी," ओठांची एकच कड हलली. "थंडी वाजते वं. गोधडी दे."

चार वर्षांनी ऐकलेला आवाज. नाव तर आठवलं होतं! बाईंचा हात आपसूक खांद्याकडे गेला. तेवढ्यात तो उजवा डोळा त्यांच्यावरून सरकला, दाराकडे गेला, पुन्हा त्यांच्यावर आला.

"तुम्ही कोण, बाई? शशीले बोलवा. तिले सांगा, थंडी वाजते."

बाहेर डॉक्टर उन्हाकडे पाहत बसल्या होत्या.

शशिकलाबाईंनी तोटी फिरवली. घट्ट. "येते हं शशी," त्या म्हणाल्या. "निजा तुम्ही."

डोळा मिटायला बराच वेळ लागला. तोवर ते गोधडी मागत होते, आणि त्या ती दोन्ही हातांनी छातीशी धरून उभ्या होत्या.