हिरव्या काठाचं बस्कर

"रडू नगंस! माझ्या घरात येऊन, माझ्या मालकासाठी, माझ्याआधी रडायचं न्हाई!"

गिरजाबाईंचा आवाज असा कडाडला की पुण्यानुमोदनाला जमलेली सगळी वस्ती वळून बघू लागली. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे मेणबत्त्या तेवत होत्या, शेजारी ज्योतीराम गुरुजींचा फोटो होता, आणि त्या फोटोपुढे पांढऱ्या साडीतली मंजुळाबाई ओंजळीत फुलं धरून हुंदके देत उभी होती. वंदना होऊन गेली होती, माणसं एकेक करून गुरुजींच्या आठवणी सांगत होती... गुरुजींनी मला अंगठ्यावरून सहीवर आणलं, गुरुजींनी माझ्या पोराला कंपनीत चिकटू न देता आधी मॅट्रिकला बसवलं. गिरजाबाईंनी ते सगळं मान खाली घालून ऐकलं होतं. पण मंजुळाबाई उठली, आणि इतक्या वर्षांचं पोटातलं दुखणं एकदम ओठांवर आलं.

"आई, अगं लोक बघतायत," लेक छबू कळवळून म्हणाली.

"बघू देत! तुझ्या बापानं शेवटचं पाणी कुणाच्या हातचं घेतलं? हिच्या! विहारात, त्या वर्गात, हिच्यासमोर जीव सोडला. मी इथं भाकरी थापत बसले व्हते... ताट वाढून वाट बघत बसले व्हते गं!"

गिरजाबाईंचं दुःख खरं होतं, आणि त्यांचा मत्सर त्याहून जुना होता.

ती दोघं नवरा-बायको पुनावळ्याहून पिंपरीला आली ते साल बासष्ट. पुणे-मुंबई रस्त्याच्या कडेनं तेव्हा कंपन्यांचे पाये खणले जात होते. ज्योतीरामांना मास्तरकीच्या ट्रेनिंगला जागा मिळाली होती, आणि घरात चूल पेटायची तर कुणीतरी राबायला हवं होतं. गिरजा राबली. नवी नवरी ती, हिरव्या काठाच्या साडीचा पदर खोचून बिगारी कामावर उभी राहिली. डोक्यावर सिमेंटचं घमेलं, हातांना चुन्याच्या भेगा... पुढे ज्या भिंतींवर भोंगे वाजू लागले त्यांतल्या कितीतरी भिंतींचा माल तिच्या डोक्यावरून गेलेला. ज्योतीराम म्हणत, "गिरजा, मला नोकरी लागू दे. माझ्या हातून पहिलं अक्षर तूच गिरवशील." तेवढ्या एका वाक्यावर ती ट्रेनिंगचे दोन्ही उन्हाळे हसत काढून गेली.

नोकरी लागली. पहिल्याच रविवारी गुरुजींनी नवीकोरी पाटी आणली, तिला समोर बसवलं, पेन्सिल तिच्या बोटांत देऊन तिचा हात हाती घेतला... आणि थबकले. कितीतरी वेळ ते त्या हाताकडे पाहत राहिले. मग पेन्सिल खाली ठेवून उठून बाहेर निघून गेले.

गिरजाबाईंनी आपले हात पदराखाली लपवले. असल्या दगडी हातांत कसली अक्षरं उमटणार, असंच गुरुजींना वाटलं असणार! त्यांनी विचारलं नाही, गुरुजींनी सांगितलं नाही. पाटी फडताळावर गेली ती गेलीच.

बरं, गुरुजींचं संसारातलं वागणं म्हणाल तर भांडायलासुद्धा फट नाही. नळावरचं पाणी स्वतः भरायचे, बायका तोंडाला पदर लावून हसल्या तरी भरायचे. छबूच्या वेण्या घालायचे, आणि त्या गिरजाबाईंपेक्षा सरळ पडायच्या. गिरजाबाईंना ताप आला की रजा टाकून उशाशी बसायचे. असल्या देवमाणसाबद्दल तक्रार करायची तरी कुणाकडे? सकाळी शाळा उरकून आलं की दुपारी तीनच्या भोंग्यानंतर विहारात बायकांचा वर्ग घ्यायचे, पहिल्या पाळीहून सुटलेल्या, भांडी घासून आलेल्या बायकांचा. त्या वर्गासाठी गोणपाटाची बस्करं गिरजाबाईच शिवून देत. एकाला गोणपाट कमी पडलं म्हणून त्यांनी आपल्या त्या जुन्या साडीचा हिरवा काठ चारी बाजूंनी लावून दिला होता. गुरुजींनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, नुसते हसले आणि काखेत मारून घेऊन गेले.

त्या वर्गात मंजुळा आली. नवऱ्यानं टाकलेली, कंपनीच्या कँटीनमध्ये पातेली घासणारी, बोलायला चुरचुरीत. वर्षाच्या आत ती वाचायला लागली. घरी जेवताना गुरुजी कौतुकानं सांगत, "आज मंजुळाबाईंनी अख्खा धडा वाचला!" आणि इकडे गिरजाबाईंच्या हातातली भाकरी तव्यावर करपून जायची. तिचे हातसुद्धा घासून घासून फुटलेले आहेत की! मग माझ्याच हातांचं एवढं वावडं का?

एका दुपारी न राहवून त्या विहाराच्या दारापर्यंत गेल्या. आत बायका ओळीनं बसल्या होत्या. पहिल्या ओळीत, मंजुळाच्या पुढ्यात, ते हिरव्या काठाचं बस्कर अंथरलेलं होतं आणि मंजुळा ते आपल्या पदरानं झटकत होती... केवढ्या मायेनं! एक नवी बाई त्यावर टेकायला गेली तर गुरुजी म्हणाले, "तिथं नको बाई. ती जागा ठरलेली आहे."

गिरजाबाई तशाच माघारी फिरल्या. माझ्या लग्नातल्या साडीचा काठ, आणि त्यावर ती बसणार! संध्याकाळी त्यांनी एवढंच सांगितलं, "आजपासनं तुमच्या वर्गाला म्या बस्करं शिवणार न्हाई." गुरुजी म्हणाले, "बरं." भांडले असते तर बरं झालं असतं! त्या "बरं"नं दोघांमध्ये जी भिंत घातली ती गुरुजी जाईपर्यंत पडली नाही.

आणि आता ती बाई सगळ्यांदेखत त्यांच्या फोटोपुढे रडत होती.

"जा, आण ते बस्कर," गिरजाबाई म्हणाल्या. "माझ्या काठाचं. आणि बस त्याच्यावर, हितं, समद्यांच्या म्होरं! एकदा डोळं भरून बघू दे मला, माझी जागा कुणाला मिळाली ती!"

मंजुळाबाईंनी डोळे पुसले. त्या बाहेर पडल्या आणि विहारातून दोन बस्करं घेऊन आल्या. एक फाटून चिंध्या झालेलं, मधोमध भोक पडलेलं.

"वैनी, हे माझं. कितीक वर्सं बसले मी ह्याच्यावर, बघा त्याची दशा. आन हे तुमचं."

हिरव्या काठाचं बस्कर त्यांनी गिरजाबाईंच्या मांडीवर ठेवलं. गोणपाटाचा एक दोरा उसवला नव्हता. काठ फिकटला नव्हता. त्यावर कधी कुणी बसलंच नव्हतं.

"रोज मी झटकायची आन रोज हातरायची. त्यांचा हुकूमच व्हता. एकदा म्या इचारलं, गुरुजी, कुणाची वो ही जागा? तर म्हनले, एका बाईचे हात माझ्या शिक्षणापायी दगड झाले मंजुळाबाई. पाटी पुढं ठेवली आणि ते हात बघितले, तेव्हा माझीच मान खाली गेली. तिच्यापुढं कुठल्या तोंडानं गुरुजी म्हणून बसू? ती आपणहून येईल तेव्हा बसेल इथं..."

गिरजाबाईंनी काठावरून बोट फिरवलं. "मग... मग तू सांगितलं का न्हाईस गं मला?"

"शपथ घातली व्हती, वैनी. तुमाला बोलवून आणलेलं त्यांना नको व्हतं. आन पाणी माझ्या हातचं घेतलं, व्हय. पर मान माझ्याकडं नव्हती. वर्ग सुरू करायच्या आधी रोज दाराकडं बघायचे ना, तसंच... त्या दिवशीबी दाराकडंच बघत गेले."

"अहो!" गिरजाबाईंनी फोटोपुढे ते बस्कर छातीशी कवटाळलं. "एका शब्दानं बोलला असता तर पळत आले असते की वो! तुमी माझी वाट बघत बसला, आन मी तुमच्या हाकेची!" आणि मग त्या रडल्या... आणि रडताना त्यांनी मंजुळाबाईंचा हात घट्ट धरून ठेवला, सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी तीनचा भोंगा झाला. मंजुळाबाई आता वस्तीतल्या बालवाडीवर शिकवत होत्या, त्यांनीच गुरुजींचा वर्ग पुढे चालवायचं ठरवलं होतं. बायका ओळीनं बसल्या. पहिल्या ओळीतली जागा नेहमीसारखी रिकामी होती. मंजुळाबाईंनी बोलायला तोंड उघडलं, आणि गुरुजींच्या सवयीनं त्यांची नजर आपोआप दाराकडे गेली.

दारात गिरजाबाई उभ्या होत्या. काखेत हिरव्या काठाचं बस्कर, हातात फडताळावरची जुनी पाटी.

त्या पुढे आल्या. बस्कर अंथरलं, दोन्ही हातांनी नीट सरळ केलं, आणि त्यावर बसल्या. मग भेगाळलेला उजवा हात, न लपवता, मंजुळाबाईंपुढे धरला.

"गिरवून घ्या, बाई," त्या म्हणाल्या. "आन आधी ते दार पुढं करा. आता कुणी यायचं राह्यलं न्हाई."