हिरवा कोट विकायचा आहे

दार लोटून घ्या. कडी नको, नुसतं लोटा. ज्याला मध्येच पाणी प्यायला उठायची सवय आहे त्याने आत्ताच जाऊन यावं, नंतर मी कुणाच्या सोबतीला येणार नाही.

ही काही ऐकीव गोष्ट नाही. माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं ना, त्याच घराच्या वरच्या मजल्यावर ती राहायची. दोन खोल्या, बाहेरून जिना, जिन्याच्या पायथ्याशी माझं दुकान आणि दुकानामागे माझी झोपायची खोली. मांजर जरी वर गेलं तरी मला कळायचं. सगळी गल्ली तिला कपडेवाली म्हणायची, आपणही तेच म्हणू.

तिचा धंदा असा. लोकांच्या घरी जाऊन त्यांना नकोसे झालेले कपडे घ्यायचे, धुवायचे, उसवलेलं शिवायचं, कडक इस्त्री मारायची, मग भिंतीवर टांगून मोबाइलवर फोटो काढायचा आणि विकायला टाकायचा. कुठल्या कुठल्या गावांहून मागणी यायची. पार्सल बांधून माझ्या दुकानात ठेवायची, कुरिअरवाला तिथून उचलायचा. मी तिला चिडवायचो, एकाच्या कपाटातला पसारा दुसऱ्याच्या कपाटात टाकायची हमाली तुला कुणी सांगितली? ती म्हणायची, काका, चांगला कपडा रिकामा का लोंबत ठेवायचा, कुणाच्या तरी अंगावर पडू दे. हाताला गुण होता तिच्या. कसर लागलेला स्वेटर असा विणून द्यायची की भोक कुठे होतं ते मालकालाही सापडू नये.

नवरा ट्रकवर. आठवड्यातल्या बऱ्याच रात्री तो रस्त्यावरच. घरात ही आणि सहा वर्षांची मुलगी. गोल चेहरा, बसकं नाक, म्हणून तिला सगळे बटण म्हणायचे. आई शिवत बसली की ही चिंध्यांच्या ढिगात बसून बाहुल्यांना झोपवायची, आणि बाहुल्या झोपत नाहीत म्हणून त्यांना रागवायची.

तर एका मंगळवारी संध्याकाळी कपडेवालीला एका तरुणाचा फोन आला. मावशी वारली, घर रिकामं करतोय, कपाटभर कपडे आहेत, पैसे नकोत पण आजच्या आज घेऊन जा, असं म्हणाला. तिने बटणला माझ्याकडे सोडलं आणि स्कूटर काढली.

गावाच्या टोकाचं घर. भाचा फाटकाशी किल्ली हातात घेऊन उभा होता. कपाट वरच्या खोलीत आहे म्हणाला, आणि किल्ली देऊन तिथेच थांबला. हिला वाटलं, नसेल बघवत बिचाऱ्याला. ती एकटीच वर गेली. कपाट उघडल्याबरोबर डांबराच्या गोळ्यांचा वास आला. स्वेटर, शाली, गाऊन, सगळं घडी घालून ठेवलेलं, आणि घड्यांवर धूळ. हँगरला एकच गोष्ट होती. कोट. लांब, लोकरी, गडद हिरवा. त्याच्यावर धुळीचा कण नव्हता.

गाठोडी खाली आणल्यावर तिने रीत म्हणून विचारलं, आठवणीसाठी एखादी वस्तू ठेवायची का तुम्हाला? भाच्याने गाठोड्यांकडे बघितलं. मग तिच्या हातावरच्या कोटाकडे.

"तो न्या," म्हणाला. "बाकीचं राहिलं तरी चालेल. तो न्या."

आणि न विचारता पुढे म्हणाला की मावशी तो घरातसुद्धा घालायची. भर उन्हाळ्यात. झोपताना.

हिने त्याच रात्री कोट झटकला, ब्रश मारला, खिडकीजवळच्या खिळ्याला हँगरवर लावला आणि फोटो काढून टाकला. "हिरवा लोकरी कोट, उत्तम स्थितीत." दिवा मालवून झोपली.

सकाळी पहिला निरोप होता. कोट आवडला, पण तुम्ही अंगात घालून फोटो काढलाय, त्यामुळे लांबीचा अंदाज येत नाही, नुसत्या कोटाचा टाकाल का?

तिने फोटो उघडून बघितला. खिळा, हँगर, कोट. हिला वाटलं, बाई दुसऱ्याच कुणाशी बोलतेय, चुकून निरोप इकडे आला. उत्तर दिलं नाही.

दुपारी दुसऱ्या गावाहून एकीने लिहिलं, कोट सुंदर आहे, पण ही बाई डोळे मिटून का उभी आहे?

आता मात्र ती मोबाइल घेऊन खाली आली. मी चष्मा लावून, लांब धरून, जवळ धरून बघितला. मला खिळ्याला लावलेला कोट दिसला. बाकी काही नाही. लोकांना उद्योग नाहीत, पोरं टवाळी करतात, असं मी म्हटलं. ती हसली. पण जिना चढताना एकदा थांबली, ते मी बघितलं.

बुधवार तसाच गेला. गुरुवारी सकाळी एका पुरुषाचा निरोप आला. बायकोसाठी कोट बघतोय, मुलीला दाखवला तर ती घाबरली. एवढे डोळे वटारून बघणाऱ्या बाईचा फोटो कशाला लावलात?

काल मिटलेले होते... आज उघडले.

तिने दिवसभर कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी कोटाची जाहिरात काढून टाकली. फोटो मोबाइलमधूनही पुसला. कोट खिळ्यावरच राहू दिला, कारण खरं सांगायचं तर त्याला हात लावायची तिची तयारी नव्हती. सकाळी उजाडलं की भाच्याला परत नेऊन द्यायचा, असं तिने ठरवलं.

ती रात्र गुरुवारची. डिसेंबरची अकरा तारीख. थंडी अशी की मी दुकानाच्या फटीत गोणपाट कोंबलं होतं. गल्लीतले दिवे लागलेले, पण माणूस नाही. कपडेवालीने बटणला जेवू घालून आतल्या खोलीत निजवलं. त्या दिवशी तिने एका मोठ्या झग्यातून पोरीला फ्रॉक बेतला होता, पिवळा, कॉलरला पांढरी पट्टी. बटणला तो इतका आवडला की ती तोच घालून झोपली. आई बाहेरच्या खोलीत इस्त्री करत बसली, कोटाकडे पाठ करून.

पावणेबाराच्या सुमाराला मोबाइल वाजला.

डोळे मिटलेले का, असं विचारणारी तीच बाई. लिहिलं होतं, ताई, फोटो बदललात वाटतं. आता जास्त छान आलाय. सोबत छोटी मुलगी आहे, तिचा हात धरलाय. तुमचीच का?

हिने इस्त्री उभी केली. निरोप पुन्हा वाचला. जाहिरात काढलेली होती. फोटो कुठेच नव्हता. तिने विचारलं, मुलीने काय घातलंय?

मग उत्तर आलं.

पिवळा फ्रॉक. पांढरी कॉलर. झोपेतून उठवलंत का हो पोरीला?

तो फ्रॉक त्या घराबाहेर कुणी बघितला नव्हता. मीसुद्धा नाही.

ती आतल्या खोलीच्या दाराशी गेली. दिवा लावला नाही, बाहेरचा उजेड पुरत होता. बटण गाढ झोपली होती. पांघरूण गळ्यापर्यंत. एक हात तेवढा बाहेर.

हात वर होता.

झोपलेल्या पोराचा हात असा वर राहत नाही. पडतो. हा राहिला होता. कोपरातून सरळ, बोटं मिटलेली... कशाच्या तरी भोवती.

तिने जवळ जाऊन तो हात धरला, खाली घ्यायला गेली. आला नाही. तिने ओढला. पलीकडून कुणीतरी धरला होता. जोर करून नाही. रस्ता ओलांडताना पोराचा हात धरतात... तेवढाच.

बाहेर मोबाइल वाजला. ती बघायला गेली नाही. पण नंतर तो निरोप आम्ही वाचला. निघालात का कुठे? असं लिहिलं होतं.

बटण उठून बसली. डोळे मिटलेले. पांघरूण सरकलं. पाय खाली आले.

आईने हाक मारली. पोरीला ऐकू गेलं नाही. आईने तिच्या कमरेला मिठी घातली. मिठीसकट पोर चालायला लागली. बाहेरच्या खोलीत आली. जिन्याच्या दाराकडे वळली. दाराची कडी आईने स्वतः लावली होती.

कडी निघालेली होती.

आता ऐका. अशा वेळी माणूस किंचाळतो. मी किंचाळलो असतो. तिने काय केलं? तिने पोरीला सोडलं. धावत खिडकीशी गेली, कोट हँगरवरून ओढला आणि पोरीच्या मागे येऊन उभी राहिली. ती मला म्हणाली, काका, तो कोट गरम होता. आत्ताच कुणीतरी काढून ठेवावा तसा.

"मावशी," ती म्हणाली.

सगळं थांबलं. पोर थांबली. हात वर... तसाच.

"मावशी, बाहेर थंडी आहे. कोट घालून जा."

आणि म्हाताऱ्या माणसाला आपण कोट चढवतो ना, तसा तिने तो मागून उघडून धरला. दोन्ही खांदे चिमटीत. समोर काही नव्हतं. पिवळ्या फ्रॉकातली पोर आणि तिच्या शेजारी रिकामी जागा.

काही नाही.

काही नाही...

मग डावी बाही जड झाली.

तिने बघितलं. बाही भरत होती. खांद्यापासून. कोपरापर्यंत. मनगटापर्यंत. खांद्यांवर वजन आलं. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. उजवी बाही मात्र तशीच लोंबत राहिली. कारण उजव्या हातात पोर होती.

किती वेळ गेला तिला सांगता आलं नाही. तिची बोटं बधिर झाली. ती एवढंच म्हणत राहिली, हळू आवाजात, जशी बटणला समजावायची तशी.

"दुसरा हात, मावशी. दुसरा हात घाला. एका हाताने नाही घालता येत."

...

पोरीचा हात खाली पडला.

उजवी बाही हलली.

तिने कोट सोडला, पोरीला उचललं आणि दार ढकलून जिन्यावर झेपावली. तिने मागे बघितलं नाही. पण पोरांनो, कान तर उघडे असतात. तेवढा जड कोट हातातून सुटला तर जमिनीवर पडल्याचा आवाज होतो. तो झाला नाही.

माझं दार तिने लाथेने वाजवलं. मी उघडलं तर ही अनवाणी, पोर खांद्यावर, दात दातांवर वाजतायत. मी दोघींना खाटेवर बसवलं, गोधडी दिली आणि दारात खुर्ची टाकून जिन्याकडे तोंड करून बसलो. हातात मोठा पाना. त्याचा काय उपयोग होता देव जाणे, पण हातात काहीतरी हवं होतं. उजाडेपर्यंत मी डोळा मिटला नाही. जिन्यावरून कुणी खाली आलं नाही. तेही लिहून देतो.

सकाळी वर गेलो. इस्त्री थंड, खिडकी आतून बंद. हँगर जमिनीवर. सगळी गाठोडी सोडून बघितली. कोट नव्हता.

बटण आठ वाजता उठली, भूक लागली म्हणाली. तिला काही आठवत नव्हतं. आम्ही सुटलो म्हणालो. नवऱ्याला फोन केला, तो ट्रक वळवून निघाला. मी चहा टाकला. कपडेवाली पोरीला आंघोळ घालायला घेऊन गेली, आणि मग आतून तिचा आवाज आला. ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "काका, इकडे या."

तो पिवळा फ्रॉक तिच्या हातात होता. पोरीच्या अंगातून नुकताच काढलेला. कॉलरच्या आतल्या बाजूला, मानेला लागते तिथे, शिवण होती. बारीक टाके, एकसारखे, हिरव्या दोऱ्याचे. लहान पोरांचे कपडे हरवू नयेत म्हणून आया शिवतात ना, तसं एक नाव.

बटणचं नाही.

मुलीचं नाव. पण बटणचं नाही.

फ्रॉक रात्रभर पोरीच्या अंगात होता. पोर रात्रभर माझ्या खाटेवर होती.

कपडेवालीने भाच्याला फोन लावला. विचारलं, तुमच्या मावशीला मूल होतं का? तो म्हणाला, नाही, कधीच नाही. तिने ते नाव वाचून दाखवलं. ते ऐकताच त्याने फोन ठेवला. त्यानंतर तो नंबर लागला नाही, आणि त्या घराला आजही कुलूप आहे.

ते लोक महिन्याभरात दुसरीकडे राहायला गेले. बटण खुशाल आहे, शाळेत जाते, भांडते, सगळं करते. फ्रॉक जाळायचा धीर आईला झाला नाही, जाळला आणि कुणाला राग आला तर? तिने ब्लेडने एकेक टाका उसवला, दोरा वाहत्या पाण्यात सोडला आणि फ्रॉक माझ्या स्वाधीन केला. माझ्या ट्रंकेत तळाशी आहे. कॉलर कोरी आहे, बघितलं तर काही दिसत नाही. सुईची भोकं मात्र बुजलेली नाहीत. अंधारात बोट फिरवलं तर नाव अजून वाचता येतं.

नाही, ते विचारू नका. रात्रीचं मी ते घेत नाही.