तेवीस आकड्यांचा दगड

सारोल्ताने शेवंतीचा गुच्छ ठेवला आणि बाबांच्या थडग्यावरची ओली पानं झटकली. सर्वसंतांच्या दिवशी, आपापल्या मृतांना फुलं वाहायला, सगळं सेगेद गाव दफनभूमीत लोटतं. नेमका तोच दिवस साधून प्राध्यापक हालास भर दुपारी, लोकांदेखत, कागद घेऊन आला होता.

"इथे सही कर, पोरी. नावाखालची ती संख्या घासून काढू. दगड विद्यापीठाने बसवलाय, येणारेजाणारे हसतात."

संख्या तेवीस आकडी होती. ती मूळ संख्या आहे, एक आणि ती स्वतः सोडून कशानेही तिला भाग जात नाही, हे सिद्ध करण्यात बाबांची अकरा वर्षं गेली. मग भर सभेत या हालासने फळ्यावर सात आकडी भाजक लिहिला, भागाकार केला, बाकी शून्य दाखवली. लोक खो खो हसले. बाबांनी अंथरूण धरलं ते उठलेच नाहीत. त्यांची विद्यापीठातली खुर्ची हालासने पटकावली.

सारोल्ता शाळेत गणित शिकवायची. तिनेही घरी वीसदा भागून पाहिलं होतं. वीसही वेळा शून्य. बाबा चुकले होते, आणि याचाच तिला जास्त संताप यायचा.

"करते सही," ती म्हणाली. "पण आधी इथे भागून दाखवा, काका. त्यांच्यासमोर. फळ्यावर फार हात चालत होता ना तुमचा?"

"हा काय पोरकटपणा!"

"आमच्याकडे जेवायला यायचात तेव्हा बरा गोड वाटायचा माझा पोरकटपणा."

आजूबाजूचे लोक बघायला लागले. हालासने चिडून कागद उलटा केला, दगडावरचे आकडे उतरवले आणि त्याच सात आकडी भाजकाने उभ्याउभ्या भागाकार केला.

बाकी एक.

"थंडीने बोटं आखडलीत," तो म्हणाला. पुन्हा केला. एक. नवाचा ताळा घेतला, तो जुळला. मग एकेका आकड्यावर बोट ठेवत त्याने दगड वाचून काढला. आकडे तेच होते, क्रमही तोच. सारोल्ताने पेन्सिल हिसकावून स्वतः भागलं.

एक.

"काय केलंस तू?" त्याचा आवाज बसला होता.

"मी? निघा इथून. त्यांची माफी मागा आणि निघा!"

माफी त्याने मागितली नाही. कागद खिशात कोंबला आणि तो गेला. सारोल्ताला भीती वाटली नाही, राग इतका भरला होता.

घरी तिघंच जेवणार होते: आई, नवरा आणि ती. आईने आलुबुखार भरलेले बटाट्याच्या पिठाचे बारा गोळे मोजून उकळत्या पाण्यात सोडले. सारोल्ताने वाढले. चार, चार, चार.

पातेल्यात एक उरला.

"तेरा केलेस?"

"बारा. तूच मोजलेस ना माझ्याबरोबर?"

तिने सगळे परत पातेल्यात टाकले, मोजले. बारा. पुन्हा वाढले.

एक उरला.

"जिंकलात ना बाबा? मग आता पुरे!" ती किंचाळली.

सारोल्ताने तो गोळा उचलला आणि रागारागाने उभ्याउभ्याच खाऊन टाकला.

पातेल्यात एक होता.