दोन डावे बूट

नाव मिळालीच पाहिजे, आणि तीही आज! एवढ्यासाठीच रेंगी उजाडताच, अख्खं गाव एका छपराखाली राहतं त्या लांबघरातून निघाला होता. एका अखंड खोडातून त्यानं स्वतः कोरलेली ती नाव पुरानं दोर तोडून नेली होती, आणि खालच्या वळणावर ती खडकांत अडकल्याचं कुणीतरी पाहिलं होतं. मिरी बाजारात न्यायची तिच्यातून, आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचं तेही तिच्यातूनच. नाव गेली म्हणजे हातपायच गेले. बरोबर होती बायको जेलिया आणि मेव्हणा मंगात.

नदीकाठची वाट निम्मीअधिक पाण्यातूनच जात होती. मंगातच्या पायांत गुडघ्यापर्यंतचे गमबूट. प्रत्येक ओढ्यानंतर तो उताणा पडून पाय वर करी आणि बादलीभर पाणी ओतून काढी.

"इपार, थांब जरा," तो बहिणीच्या नवऱ्याला हाक देई. "विहीर उपसतोय."

"दुकानात मी बोंबलून सांगत होतो," रेंगी भडकला. "पाणी आत येणारच आहे. ते बाहेर पडेल असा बूट घे! पण तुला ऐट हवी!"

रेंगी आणि जेलियाचे बूट त्या नदीवर सगळेच घालतात तसले, काळे, रबरी, तळाला टोकं असलेले. पाणी गळून जातं, शेवाळावर पाय टिकतो.

दुपारी ते एका शेतावरच्या झोपडीत भात खायला थांबले. बूट अर्थातच शिडीखाली काढले. आत डुकरांच्या शिकारीला निघालेली माणसं जेवत होती. ती घाईनं आधी निघून गेली. रेंगी खाली उतरला, तर त्याच्यासाठी दोन बूट उरलेले. दोन्ही डावे!

"अरे चोरांनो!" तो रानाकडे तोंड करून ओरडला. रानानं दाद दिली नाही.

"खुणेला लाल दोरा बांध म्हणून किती वेळा सांगितलं?" जेलिया म्हणाली. "तर म्हणे, माझे बूट मला ओळखतात!"

"आता उजव्या पायात काय घालू? तुझी जीभ?"

अनवाणी चालून पाहिलं, तर पहिल्याच वळणावर वेताचा काटा टाचेत गेला. मग मुकाट्यानं उजव्या पायात डावा बूट कोंबला. बोटं चेमटली, टाच बाहेर डोकावू लागली. दर दहा पावलांना ठेच, आणि दर ठेचेला एक शिवी!

अखेर नाव दिसली. नदीच्या मध्यावर, दोन खडकांत आडवी, पण धडधाकट! रेंगीनं कमरेला दोर बांधला आणि उडी घेतली. एक पाऊल. दुसरं. तिसऱ्याला उजवा पाय घसरला आणि तो तोंडावर आपटला. मंगातनं त्याला ओढून काढलं.

"बस झालं," म्हणत जेलियानं दोर त्याच्या कमरेचा सोडून स्वतःच्या कमरेला बांधला. "माझे बूट तरी जोडीचे आहेत."

आपली नाव, आणि आपण काठावर उभे! रेंगीचा नुसता जळफळाट झाला. जेलिया मात्र एकेक पाऊल चाचपत, पाण्याला कूस देत पोचली. तिनं नावेला खांदा लावला. नाव हलली! आता ती दोर नावेला बांधण्यासाठी कमरेची गाठ सोडू लागली.

तेवढ्यात पाण्याचा रंग पालटला. पानं आली, काटक्या आल्या. मग वरच्या वळणामागून पुराच्या लोंढ्याची घरघर.

"गाठ सोडू नकोस!" रेंगी किंचाळला.

"सैल झालीय रे! क्षणभर थांब!"

"मरू दे ती नाव! मंगात, ओढ!"

दोघांनी जीव खाऊन ओढलं. जेलिया पाण्याखाली गेली, वर आली, पुन्हा गेली. मागून एक अख्खं झाड आलं आणि नावेवर आदळलं. नाव उभी राहिली, फिरली, दिसेनाशी झाली.

काठावर येताच जेलियानं रेंगीच्या छातीवर दोन्ही मुठी आपटल्या. "मिळाली असती! हातात आली होती माझ्या!"

"आली होती," रेंगी म्हणाला. त्याला रडू येत होतं आणि संतापही. नदीचा, शिकाऱ्यांचा, स्वतःचा. पाणी पायांशी चढू लागलं, तसे तिघं वर डोंगराच्या धारेकडे निघाले.

"आता तरी दोर सोड," जेलिया धापा टाकत म्हणाली. "गुरासारखी काय नेतोस मला?"

"वर पोचेपर्यंत राहू दे."

त्यानं दोराचं टोक मनगटाला आणखी एक वेढा देऊन घट्ट केलं आणि ठेचकाळत पुढे चालू लागला.